सत्काराच्या यादीतलं चौथं नाव

आमच्या मंडळाचा मी सात वर्षं चिटणीस होतो. कसब्यातल्या त्या गल्लीत हे पद माझ्याकडे आलं, त्याचं कारण एवढंच की मी बँकेत कारकून होतो आणि माझं अक्षर बरं होतं. वर्गणी, मांडव, मिरवणूक ही कामं दुसरे करत. माझ्याकडे पत्रव्यवहार, इतिवृत्त आणि श्रावणातला गुणगौरव समारंभ. वर्षभरात गल्लीतल्या ज्या मुलामुलींनी काही करून दाखवलं असेल त्यांना बोलवायचं, नारळ आणि पुस्तक द्यायचं, आणि त्यांच्यासाठी ज्यांनी खस्ता खाल्ल्या त्यांनाही व्यासपीठावर बसवायचं. ही दुसरी अट अध्यक्षांची. अध्यक्ष पोस्टातून निवृत्त झालेले होते. “मुलगा पहिला येतो तेव्हा त्याची आई वर्षभर पहाटे उठलेली असते. तिला खाली सतरंजीवर बसवून आपण मुलाला हार घालायचा, हे बरं दिसत नाही,” असं ते म्हणत. माणूस विचारांनी चांगला होता. जीभ तेवढी तिखट होती.

त्या वर्षी, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, यादीत तीन नावं होती. एक मुलगा शालान्त परीक्षेच्या गुणवत्ता यादीत आला होता. एका मुलीला चित्रकलेचं बक्षीस मिळालं होतं. तिसरी मुलगी सायकलच्या शर्यतीत राज्यात दुसरी आली होती. चौथं नाव मी घातलं. ते का घातलं हे सांगायचं तर या तिसऱ्या मुलीपासून सुरुवात करायला हवी.

ती कुंभाराची मुलगी. वडील पणत्या, कुंड्या, संक्रांतीची सुगडं करायचे आणि मंडईपर्यंतच्या दुकानांना माल पोचवण्याचं काम तिच्याकडे होतं. कॉलेज सकाळचं, त्यामुळे दुपारी ती गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सायकलच्या दुकानातून भाड्याची सायकल काढायची, मागे टोपली बांधायची आणि निघायची. दुकान एका मुसलमान गृहस्थांचं होतं. त्यांचं घराणं चार पिढ्या त्याच गल्लीत होतं. पंचावन्नच्या पुढचे असतील. त्यांना सगळे चाचा म्हणत. तरुणपणी ते स्वतः शर्यतीत उतरलेले होते, पण त्याबद्दल फारसं बोलत नसत. त्यांच्या लक्षात आलं की ही मुलगी तासासाठी नेलेली सायकल पाऊण तासाच्या आत परत आणते. एक दिवस त्यांनी तिला विचारलं,

“माल पोचवतेस की वाटेत ठेवून येतेस?”

“पोचवते.”

“मग इतक्या लवकर परत कशी येतेस?”

“सायकल चालवत जाते,” ती म्हणाली. “हातात धरून नाही नेत.”

चाचांना हे उत्तर आवडलं. त्यांनी जुन्या बाजारातून एक गंजलेली फ्रेम आणली, घासून रंगवली, इकडून तिकडून हँडल, चेन, बारीक टायरची चाकं जमवली आणि दोन महिन्यांत शर्यतीची सायकल उभी केली. मग ते मुलीच्या वडिलांकडे गेले. वडील मातीच्या हातांनीच बाहेर आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “माल पोचला पाहिजे. बाकी तुम्ही आहात.” आईची अट वेगळी होती. गल्लीत तोकड्या कपड्यात दिसायचं नाही. तेव्हा चाचींनी गुडघ्याखाली येणारी एक विजार शिवली आणि मुलगी स्वारगेटपर्यंत तिच्यावर परकर घालून जाऊ लागली. तिथे एका रसवंतीच्या आडोशाला परकर उतरून पिशवीत जायचा.

माझा यात संबंध आला तो स्टॉपवॉचमुळे. आमच्या बँकेच्या क्रीडा मंडळाकडे एक स्टॉपवॉच होतं. चाचांनी ते मागितलं. मी शनिवारी ते घरी आणायचो, सोमवारी परत ठेवायचो आणि रविवारी पहाटे चाचांच्या मोपेडवर मागे बसून कात्रजला जायचो. मला सायकलींत रस होता असं नाही. त्या काळात माझे वडील आणि थोरला भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते आणि रविवारी दोघेही घरी असत. बाहेर पडायला मला कारण हवं होतं. डेअरीपासून घाट चढून बोगद्याच्या तोंडापर्यंत तिला किती वेळ लागतो हे मी वहीत लिहीत असे. वेळ दर महिन्याला कमी होत होता. घाट उतरून आली की ती एकच विचारायची, “काका, किती?” मी आकडा सांगायचो. ती मान हलवायची आणि पुन्हा वर जायची.

त्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी होती. हडपसरहून निघून सोलापूर रस्त्याने लोणीच्या पुढे एका खुणेपर्यंत जायचं आणि परत यायचं. पहिल्या तिघी संघात. बारा-तेरा मुली जमल्या होत्या. बहुतेकींच्या सायकली साध्याच होत्या. आमच्या मुलीच्या तोडीची एकच होती. मांजरी गावची, ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी. उंच, काळीसावळी, कोणाशी न बोलणारी. तिचे वडील मोटरसायकलवर आले होते. लेंगा, सदरा, पांढरी टोपी, आणि एका खांद्यात अडकवलेलं एक जादा चाक, पुढचं. त्यांनी आमच्या सायकलचं टायर अंगठ्याने दाबून पाहिलं.

“हवा जरा जास्ती हाय,” ते चाचांना म्हणाले. “ऊन चढलं की तरास दील.”

“चाळीस वर्षं हवा भरतोय मी,” चाचा म्हणाले.

ते गृहस्थ मान डोलावून निघून गेले. ते लांब गेल्यावर चाचांनी खाली बसून थोडी हवा सोडली. मी ते पाहिलं.

जाताना मांजरीची मुलगी पहिली आणि आमची तिच्या मागोमाग होती. बाकीच्या बऱ्याच मागे राहिल्या. आम्ही मोपेडवर मागून जात होतो. आमच्याकडे पंप, एक ट्यूब आणि पान्हे होते. जादा चाक नव्हतं, कारण तसलं दुसरं चाक चाचांना मिळालंच नव्हतं. लोणीच्या पुढच्या खुणेपासून परत फिरल्यावर रस्त्यावर उसाची कांडी सांडलेली होती, एखाद्या गाडीतून पडलेली. मांजरीची मुलगी त्यांतून वाट काढत गेली. आमच्या मुलीचं पुढचं चाक एका कांड्यावर गेलं, सायकल आडवी झाली आणि ती रस्त्यावर पडली.

आम्ही पोचलो तेव्हा ती उठून बसली होती. कोपर सोललं होतं. तिकडे तिचं लक्ष नव्हतं. पुढच्या चाकाची रिम चेपून एका बाजूला वाकली होती आणि ते गुडघ्यात धरून ती दोन्ही हातांनी सरळ करत होती. ते सरळ होणार नाही हे चाचांना एका नजरेत कळलं. ते तिला तसं सांगत असतानाच मांजरीचे गृहस्थ मोटरसायकलवरून आमच्या बाजूने पुढे गेले. शंभरएक पावलं गेले आणि थांबले. मग मोटरसायकल वळवून परत आले, खाली उतरले आणि खांद्यातलं चाक काढून चाचांच्या पुढे धरलं.

चाचा म्हणाले, “नको. तुमच्या मुलीला लागलं तर?”

“लागंल तवा बघू. पान्हा काढा.”

दोघांनी मिळून चाक बदललं. या वेळात मागच्या मुली एकेक करून पुढे गेल्या. मी बाजूला उभा होतो. घड्याळ मी बंद केलं नव्हतं. पडल्यापासून पुन्हा निघेपर्यंत दोन मिनिटं पाच सेकंद गेले. मुलगी सायकलवर बसली आणि निघाली. तिला इतक्या वेगाने जाताना मी कात्रजलाही पाहिलं नव्हतं. एकेकीला तिने मागे टाकलं.

मांजरी फाट्याच्या जरा अलीकडे मांजरीची मुलगी रस्त्याच्या कडेला उभी दिसली. तिच्या पुढच्या चाकातली हवा गेली होती. वडील आमच्या आधी तिथे पोचले होते आणि पंप मारत होते. आम्ही जवळ येत होतो तेव्हा तिचा आवाज ऐकू आला.

“आबा, चाक कुटं हाय?”

त्यांनी वर पाहिलं नाही. पंप मारत राहिले.

आमच्या मुलीने मागे वळून आमच्याकडे पाहिलं. मला वाटलं, तिचा वेग कमी झाला. तेवढ्यात चाचा ओरडले, “थांबू नको.” एरवी ते मोठ्याने बोलत नसत. ती पुढे गेली. मोपेडही पुढे गेली. मी मांडीवरच्या घड्याळाकडे पाहत होतो. काट्याकडे पाहण्याची तेव्हा काही गरज नव्हती.

आमची मुलगी तिसरी आली. मांजरीची वाटेत दोनदा थांबून, हवा भरून, अर्ध्या मिनिटाने चौथी आली. पंचांपैकी एकाने आमच्या सायकलचं पुढचं चाक वेगळं आहे हे ओळखलं आणि विचारलं, “हे चाक कोणाचं?”

“माझं हाय,” मांजरीचे गृहस्थ म्हणाले. “म्या दिलंय.”

पंचांनी पुढे काही विचारलं नाही. मांजरीच्या मुलीने सायकल हातात धरली आणि घरच्या दिशेने चालायला लागली. वडील मोटरसायकलवर पाय टेकत टेकत तिच्या मागे गेले. ती त्यांच्याशी बोलत नव्हती. आम्ही हडपसरला चहा घेतला. चाचांनी चहा अर्धा टाकला.

पुढच्या आठवड्यात चाचा आणि मी ते चाक परत करायला मांजरीला गेलो. चाचांनी त्याचा आउट काढून रिम सरळ केली होती, आरे पुसले होते, टायर नवं घातलं होतं. शेतकऱ्यांनी पडवीत बसवून दूध दिलं. मुलगी बाहेर आली नाही. चाचांनी पेला रिकामा करून खाली ठेवला. मग म्हणाले, “तुम्ही का थांबलात हे मला विचारायचं होतं.”

शेतकऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “पोरगी पडली तरी रडली न्हाई,” ते म्हणाले. “चाक गुडघ्यात धरून बसली व्हती. मला म्होरं जाववंना.”

“आणि तुमची मुलगी?”

“ती बोलत न्हाई अजून. बोलंल.”

संघ स्पर्धेला गेला आणि आमची मुलगी राज्यात दुसरी आली. किराणा दुकानात ट्रंक कॉल आला तेव्हा मी बँकेत होतो. संध्याकाळी घरी आलो तर चाचा पेढ्यांचा पुडा घेऊन दारोदार फिरत होते आणि कुंभारवाड्यात मुलीचे वडील भट्टीपाशी बसून होते. मी अभिनंदन केलं. ते म्हणाले, “हात मातीचा आहे,” आणि मनगट पुढे केलं.

आषाढात मी सत्काराची यादी करायला घेतली तेव्हा मुलगी माझ्याकडे आली. आमच्या जिन्यात उभी राहूनच बोलली.

“काका, मांजरीच्या त्या दोघांनाही बोलवा.”

“ते आपल्या गल्लीतले नाहीत.”

“चाकपण आपल्या गल्लीतलं नव्हतं.”

मी म्हणालो की प्रश्न माझ्या एकट्याचा नाही, कार्यकारिणीचा आहे. ती गेली नाही. जरा वेळाने म्हणाली, “चाचांना वाटतं ते ओरडले म्हणून मी थांबले नाही. ते अजून मनाला लावून घेतात. पण ते ओरडले नसते तरी मी थांबले नसते. मी तुमच्याकडे वळून पाहिलं ते मागे कोण किती लांब आहे ते बघायला.”

त्या दिवशी मी कुठे पाहत होतो ते तिला सांगावं असं मनात आलं. सांगितलं नाही. यादीत बापलेकीचं नाव घातलं.

कार्यकारिणीची बैठक देवळाच्या मागच्या खोलीत झाली. अध्यक्षांनी यादी वाचली, चष्मा काढला आणि पुसला.

“अहो चिटणीस, मांजरी कसब्यात कधी आली?”

“आली नाही.”

“मग या वर्षी मांजरी, पुढच्या वर्षी उरुळी, त्याच्या पुढच्या वर्षी दौंड. पत्रिकेऐवजी रेल्वेचं वेळापत्रकच छापू.”

सगळे हसले. मी इतिवृत्ताची वही उघडली आणि त्यांच्यापुढे सरकवली. “मुलं गल्लीतली असावीत असं लिहिलं आहे. त्यांना ज्यांनी मदत केली ते गल्लीतलेच असावेत असं कुठे लिहिलेलं नाही.”

त्यांनी ते पान दोनदा वाचलं. “हे तुम्हीच लिहिलंय.”

“खाली सही आपली आहे.”

त्यांनी वही मिटली. मग अध्यक्ष म्हणाले, “ठीक आहे. वडिलांना बोलवा. त्यांनी मदत केली. मुलीला नको. ती चौथी आली आहे आणि मांजरीची आहे. तिला कशासाठी बोलवायचं?”

मी इतिवृत्तात तसंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी निमंत्रणाचं पत्र लिहायला बसलो आणि ते दोघांच्या नावे लिहिलं. ठरलं होतं त्यापेक्षा वेगळं काही मी सात वर्षांत तेवढंच एकदा लिहिलं.

समारंभ महापालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी झाला. मांजरीचे गृहस्थ वेळेच्या आधी अर्धा तास आले. मुलगी बरोबर होती. तिला मी पुढे बसायला सांगितलं, पण ती दारापाशी शेवटच्या बाकावर बसली. अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि माईक नीट आहे का ते बघायला लागले.

गुणवत्ता यादीतल्या मुलाने पाठ करून आणलेलं भाषण केलं. चित्रकलेच्या मुलीची आई व्यासपीठावर बसायलाच तयार नव्हती, तिला दोघींनी धरून वर आणलं. मग सायकलची पाळी आली. मुलीचे आईवडील, चाचा आणि मांजरीचे गृहस्थ एका ओळीत बसले होते. चाक दिल्याची हकिगत मी थोडक्यात वाचून दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मांजरीच्या गृहस्थांना बोलायचा आग्रह झाला. ते उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, “माझ्या लेकीचं त्यात नुकसान झालं. ती हितं बसलीय. तिला इचारून मी दिलं नव्हतं.” एवढं बोलून ते खाली बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे लोकांना कळेना.

तेव्हा आमची मुलगी उठली. हातात नारळ आणि पुस्तक होतं. ती पायऱ्या उतरून मधल्या वाटेने शेवटच्या बाकापर्यंत गेली आणि दोन्ही वस्तू मांजरीच्या मुलीपुढे धरल्या. सगळ्यांनी माना वळवल्या.

मांजरीच्या मुलीने हात पुढे केले नाहीत. “मला नको,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण हॉल इतका शांत होता की सगळ्यांना ऐकू आलं. “थंडीत पुन्हा चाचणी हाय. तिला ये. आन् आपलं चाक आपण घिऊन ये.”

पहिल्यांदा हसले ते अध्यक्ष. मग सगळा हॉल हसला. आमची मुलगी हसली नाही. “येते,” म्हणाली आणि तिच्या शेजारी बसली. पसायदान होईपर्यंत दोघी तिथेच होत्या. आपसांत एक शब्द बोलल्या नाहीत. व्यासपीठावर चाचांनी खिशातून रुमाल काढला आणि बराच वेळ मान पुसत राहिले.

हॉल रिकामा झाल्यावर अध्यक्ष माझ्याकडे आले. “चिटणीस, त्या पत्राची प्रत फायलीत लावा,” ते म्हणाले. “पुढच्यांना कळू दे, कसं लिहू नये ते.” पुढच्या वार्षिक सभेत त्यांनी चिटणीसपदासाठी दुसऱ्याचं नाव सुचवलं. ती शिक्षा होती की माझी सात वर्षं झाली म्हणून, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. नव्या चिटणिसाचं अक्षर वाईट होतं.

पुढच्या चाचणीला चाचांनी दोन जादा चाकं नेली. एकही लागलं नाही. मांजरीची मुलगी पहिली आली आणि आमची दुसरी, मध्ये चांगलं शंभर-दीडशे फुटांचं अंतर होतं. दोघी संघात गेल्या. त्यानंतर मांजरीची मुलगीही रविवारी कात्रजला येऊ लागली. वडील तिला मोटरसायकलवरून सोबत करत आणि घाटाच्या पायथ्याशी चाचांशी टायर, हवा आणि ऊस यांवर बोलत बसत. त्यांच्या सगळ्याच मतांशी चाचांची मतं जुळत नसत. मी दोघींच्या वेळा लिहीत असे. आता “काका, किती?” विचारल्यावर मी एकीला तिचा आकडा सांगितला की ती दुसरीचाही विचारायची.

दीड वर्षाने माझी नगरला बदली झाली आणि हे सगळं माझ्यापुरतं संपलं. वडील आणि भाऊ तोपर्यंत बोलायला लागले होते, कामापुरते. चाचा गेले तेव्हा मी नगरलाच होतो. आमच्या मुलीने पत्र लिहून कळवलं. अंत्ययात्रेला मांजरीची ती दोघं, बाप आणि लेक, आली होती, असं त्यात होतं.

मांजरीच्या मुलीला पुढे खेळाडू म्हणून रेल्वेत नोकरी लागली. आमची एका शाळेत खेळाची बाई झाली. दोघींची मैत्री झाली असं मी म्हणणार नाही, कारण त्या एकमेकींविषयी फारसं काही बोलत नसत. आमच्या मुलीच्या शाळेने मुलींच्या सायकल शर्यती सुरू केल्या तेव्हा मांजरीची मुलगी रजा टाकून पंच म्हणून येत असे. निवृत्त होऊन पुण्यात परतल्यावर मीही एकदा पाहायला गेलो होतो. मांजरीच्या मुलीने खुणेच्या अलीकडून वळल्याबद्दल आमच्या मुलीच्याच वर्गातल्या एका विद्यार्थिनीला बाद केलं होतं. ती विद्यार्थिनी तक्रार घेऊन आपल्या बाईंकडे आली. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “त्या बघत होत्या ना? मग तू वळली असणार.”